बॅटरीच्या खणातला चुना

मी एक जुनी पिवळी पेटी आहे. पिवळी म्हणजे आता नावालाच. उन्हानं, खाऱ्या वाऱ्यानं आणि विमानतळांवरच्या आदळआपटीनं माझा रंग पिकून डाग पडलेल्या पपईसारखा झाला आहे. एक खटका तुटला आहे, तिथे नायलॉनची दोरी बांधली आहे. मित्रांनो, तुम्ही मला आज पाहिलंत तर कोळ्याची पेटी म्हणाल, आणि ते काही खोटं ठरणार नाही. माझ्यात आता गळ असतात, शिशाचे गोळे असतात आणि एक गुंतलेली दोरी असते. पण मी त्यासाठी जन्मले नव्हते. पाण्याखाली न्यायचा कॅमेरा विमानातून सुखरूप पोचवणं हे माझं काम होतं. ते मी बरीच वर्षं चोख केलं आणि एकदा माझ्याकडून झालं नाही. त्या एकदाचं सांगायला बसले आहे.

माझा जन्म कारखान्यातला. जाड प्लास्टिक साच्यात ओतलं, थंड झाल्यावर बाहेर काढलं आणि झाकणाच्या कडेनं काळी रबरी रिंग बसवली. कुकरच्या झाकणाला असते तशीच, फक्त लांबच लांब. त्यामुळे मी बंद झाले की पाण्याचा थेंब आत येत नाही आणि धुळीचा कणही येत नाही. माझ्या मुठीखाली हवा सोडायचा एक छोटा स्क्रू आहे. विमान वर गेलं की बाहेरची हवा विरळ होते. तेव्हा स्क्रू बंद असेल तर आतली हवा फुगून रिंगेखालून कशीबशी बाहेर पडते आणि खाली उतरल्यावर झाकण असं चिकटून बसतं की दोन धट्ट्याकट्ट्या माणसांनाही उघडत नाही. म्हणून उडण्याआधी स्क्रू सैल करायचा. एवढी साधी गोष्ट, पण लोक विसरतात आणि मग मलाच लाथा घालतात.

मला डंकन नावाच्या ऑस्ट्रेलियन पाणबुड्यानं त्याच्या देशातल्या केर्न्स गावच्या दुकानातून विकत घेतलं आणि समुद्र ओलांडून बेटांच्या मुलखातल्या अलोटाऊ बंदरात आणलं. तिथे त्याची बोट होती. परदेशी पाहुण्यांना तो प्रवाळ दाखवायला न्यायचा. पहिल्याच दिवशी जमिनीवर मांडी ठोकून त्यानं भाजीच्या सुरीनं माझ्या पोटातला स्पंज कापला आणि प्रत्येक वस्तूला तिच्या मापाचा खण केला. मधोमध कॅमेऱ्याचं ॲल्युमिनियमचं जाड कवच, त्याच्या उशाशी काचेचा घुमट, पायाशी दोन मोठे दिवे. कडेला दोन गोल खण होते, ते दिव्यांच्या बॅटऱ्यांचे. कॅमेरा या कवचात बसतो आणि कवच पाण्यात जातं. कवचाच्या दोन भागांमध्ये सुतळीएवढी जाड रबरी रिंग असते. सगळा समुद्र एका बाजूला आणि कॅमेरा दुसऱ्या बाजूला, मध्ये फक्त ती रिंग. तिच्यावर एक केस किंवा वाळूचा एक कण आला तरी समुद्राला तेवढी वाट पुरते.

डंकन फार बोलायचा नाही, पण पेटी भरताना पुटपुटायचा. आधी काढायचं, मग भरायचं, असं त्याचं म्हणणं. विमानानं जाताना कवचाची रिंग काढून डबीत घालायची आणि कवच नुसतं टेकवून ठेवायचं, म्हणजे आतली हवा कोंडत नाही. बॅटऱ्या पेटीत ठेवायच्याच नाहीत. त्यांच्या टोकांना चिकटपट्टी लावून त्या हातातल्या पिशवीत न्यायच्या, कारण धातूला धातू लागला तर त्या पेट घेतात आणि विमानाच्या पोटातल्या मालाला आग लागली तर वर बसलेल्यांना पत्ता लागत नाही. शेवटी माझा स्क्रू सैल. इतकं झालं की माझ्या पाठीवर थाप मारायचा. मला ती थाप आवडायची, लपवून काय करू?

त्याच्या बोटीवर कॅमेरे गोड्या पाण्यात धुवायला नोएलिन आली. ती नुआबेला बेटाची. नवरा मालवाहू जहाजावर, वर्षातून दोनदा घरी. नोएलिन आधी कॅमेरे धुवायची, मग भरायला शिकली, मग पाण्यात उतरायला आणि शेवटी फोटो काढायला. डंकनपेक्षा तिचा हात हलका होता. माझ्या स्पंजवरची धूळ ती ओल्या बोटानं टिपून घ्यायची. डंकनची पाठ दुखून कामातून गेली तेव्हा बोट विकून तो मायदेशी निघून गेला, पण कॅमेरा, दिवे आणि मी, एवढं नोएलिनला देऊन गेला. विमानतळावर त्यानं शेवटची थाप मला मारली की तिला, हे मला आजही नक्की सांगता येत नाही.

त्यानंतर आम्ही दोघी खूप फिरलो. गवताच्या धावपट्ट्यांवर उतरलो, डुकरांच्या पिंजऱ्याला लागून बसलो, टारोच्या, म्हणजे अळूच्या कंदांच्या पोत्यांखाली दबलो. माझ्या पोटातून एकही वस्तू कधी मोडून निघाली नाही. अलोटाऊचा वजनकाट्यावरचा माणूस तर म्हणायचा, ही बाई माणूस सांभाळणार नाही इतकी पेटी सांभाळते. मी फुगायचे. देव कुणाला फार फुगू देत नाही.

आता खरं दुखणं सांगते. नुआबेलाच्या प्रवाळाला एक खिंड आहे. वर्षातल्या ठरावीक तीन-चार महिन्यांत, अमावस्येच्या आधीचे तीन दिवस, तिथे हेकरू मासे जमतात. कुठून कुठून येतात, अंडी घालतात आणि निघून जातात. बेटावरच्या सगळ्या हेकरूंचा जन्म त्या खिंडीतला. म्हणून म्हातारी माणसं त्या दिवसांत खिंडीच्या तोंडाशी खांबाला नारळाचा झाप बांधतात आणि झाप सुटेपर्यंत तिथे कुणी गळ टाकत नाही. ते काम नोएलिनच्या मामाकडे होतं, टोलोबेला मामाकडे. आमच्याकडे जमीन आणि समुद्र आईकडून येतो, म्हणून मामाचा शब्द बापापेक्षा मोठा.

त्या वर्षी एका मासे कंपनीनं खिंड मागितली. जिवंत हेकरू टाक्यांतून दूरच्या शहरांत न्यायचे होते. त्यांच्या अर्जात लिहिलं होतं की या खिंडीत मासा जमतो याला काहीही पुरावा नाही. मामा अलोटाऊच्या सरकारी कचेरीत गेला आणि सांगितलं की माझ्या आजीपासून आम्ही बघतोय. साहेब म्हणाला की आजी इथे येणार नाही, तारीख असलेले फोटो आणा. महिनाअखेरची मुदत दिली. त्या हंगामातली शेवटची अमावस्या त्याच महिन्यात होती. म्हणजे तीन दिवस होते, एक कॅमेरा होता आणि नुआबेलाला आठवड्यातून एकदाच जाणारं विमान होतं. बोटीनं जावं तर आग्नेयेचा वारा सुटलेला, दोन-दोन दिवस किनारा सोडता येत नव्हता.

नोएलिननं मला आदल्या दिवशी भरलं. सगळं नियमानं. रिंग डबीत, डबी पिशवीत. बॅटऱ्यांना चिकटपट्टी, बॅटऱ्या पिशवीत. कवच टेकवलेलं. माझ्या कडेचे दोन गोल खण रिकामे राहिले. विमानानं जाताना ते नेहमीच रिकामे असायचे.

विमानतळावर नोएलिनची मोठी नणंद आली. उत्तर किनाऱ्यावरून पहाटे ट्रक पकडून आली होती. आमच्याकडे सासरच्या माणसाचं नाव तोंडातून काढत नाहीत, म्हणून मीही काढणार नाही. नोएलिन तिला वन्सं म्हणते. वन्संच्या हातात चुन्याच्या दोन प्लास्टिकच्या बरण्या होत्या. तिच्या वडिलांना, म्हणजे नोएलिनच्या सासऱ्यांना जाऊन वर्ष होत आलं होतं आणि नुआबेलाला वर्षश्राद्धाचं मोठं जेवण ठरलं होतं. अशा जेवणाला सुपारी आणि चुना नसेल तर पंगत उठत नाही, नुसती नावं ठेवली जातात. पूर्वी बेटावर प्रवाळाच्या फांद्या तोडून भाजायचे आणि चुना घरीच व्हायचा. पण प्रवाळ वाचावा म्हणून मामानंच तीन वर्षांपासून ते बंद केलं होतं. तेव्हापासून चुना बाहेरून यायचा, आणि उत्तर किनाऱ्यावरचा चुना पिठीसाखरेसारखा मऊ म्हणून सगळ्यांना तोच हवा असायचा.

नोएलिन माझा स्क्रू सैल करण्याआधी झाकण उघडून शेवटची नजर टाकत होती. वन्संनी वाकून बघितलं.

"अगं, हे दोन खण रिकामेच चाललेत."

"ते बॅटऱ्यांचे आहेत, वन्सं. बॅटऱ्या वरच्या पिशवीत घेतल्यात. हे तसेच ठेवायचे असतात."

"तसेच म्हणजे? वारा भरून नेणारेस का नुआबेलाला? तिथे काय वाऱ्याची टंचाई आहे?"

रांगेतली माणसं हसली. नोएलिनही हसली, पण बरण्या घ्यायला तिचा हात पुढे झाला नाही. पिशवीत बसतंय का बघते म्हणाली. काट्यावरच्या माणसानं मान हलवली. पिशवीचं वजन भरलेलं होतं.

"हे बघ बाई," वन्सं म्हणाल्या, आवाज चढवला नाही, "माझ्या बाबांचं जेवण आहे. तुझा कॅमेरा मोठा, आम्ही लहान. नाही नेत म्हण, मी आपली आल्या ट्रकनं परत जाते. आईला सांगेन, सुनेच्या पेटीत जागा नव्हती."

यावर कुठली सून काय बोलणार? नोएलिनला नाही म्हणता येत नव्हतं असं नाही. डंकनच्या बोटीवर तिनं भल्याभल्या गोऱ्या पाहुण्यांना, ओल्या हातानं कवच उघडू नका, म्हणून दटावलं होतं. पण पाहुणे चार दिवसांचे आणि नणंद जन्माची. तिनं बरण्या घेतल्या. झाकणं दाबून बसवायची होती, वर रबर लावलेलं होतं. नोएलिननं ती दोनदा दाबून पाहिली. बरण्या खणात अशा बसल्या की जणू डंकननं त्यांच्याच मापानं स्पंज कापला असावा. मग तिनं झाकण लावलं, माझा स्क्रू सैल केला आणि पाठीवर थाप मारली.

वन्सं आयुष्यभर बोटीनं प्रवास करत आल्या होत्या. बोटीत बरणी फुटत नाही. त्यांचं काय चुकलं?

विमान लहान होतं आणि वाटेत फर्ग्युसन बेटाचे डोंगर आडवे येतात. ढग खाली होते म्हणून वैमानिक चांगलाच वर गेला. मी मागे जाळीखाली पोत्यांमध्ये बांधलेली होते. माझ्या स्क्रूतून हवा हळूहळू बाहेर जात होती, जशी जायला हवी तशीच. बाहेर विरळ, आत विरळ, सगळं बरोबर. फक्त दोन बरण्यांमध्ये खालची, समुद्राकाठची दाट हवा कोंडलेली होती. एका बरणीचं झाकण तग धरून राहिलं. दुसरीचं उडालं. आवाज फार मोठा झाला नाही, बोटं मोडल्यासारखा झाला. मग माझ्या पोटात सगळीकडे पांढरं धुकं झालं आणि सावकाश खाली बसलं.

नोएलिननं मामाला नंतर सांगितलं की नेमकं त्याच वेळी तिच्या मांडीवरचं बिस्किटांचं पाकीट फुगून ढोलासारखं झालं होतं. ते बघून तिला बरण्या आठवल्या. ती उठायला लागली, पण पट्टा बांधलेला, मधल्या वाटेत कोंबड्यांच्या टोपल्या आणि मागे जाळी घट्ट आवळलेली. शेजारच्या बाईला वाटलं, हिला मळमळतंय. तिनं पिशवी पुढे केली.

मित्रांनो, या जागी मला थांबून एक सांगू द्या, कारण मी वर्षभर यावरच विचार करत पडले आहे. नोएलिननं माझा स्क्रू सैल केला नसता, तर माझ्या पोटातली हवा बरीचशी दाटच राहिली असती आणि बरणी फुटली नसती. तिनं कवचाची रिंग काढली नसती आणि कवच गच्च बंद केलं असतं, तर चुना बाहेरच्या बाहेर राहिला असता. आळशी माणसाची पेटी त्या दिवशी वाचली असती. ज्यानं एकूण एक नियम पाळला, त्याच्याच कॅमेऱ्याच्या घरात चुना शिरला. लोकांना परकी माणसं चुना लावतात असं म्हणतात. आम्हाला तो घरच्यांनी प्रेमानं पाठवला.

नुआबेलाच्या गवताच्या पट्टीवर उतरल्यावर नोएलिननं मला तिथेच एका झाडाखाली उघडलं. मामा शेजारी उभा होता. तो आत डोकावला. घुमट पांढरा, दिवे पांढरे आणि टेकवलेल्या कवचाच्या फटीतून आत गेलेला चुना त्या बारीक खाचेत बसलेला. जिथे रिंग बसते तीच खाच.

सफाईला दीड दिवस हातात होता. नोएलिन म्हणाली की कुणीही पाणी लावू नका, ओला झाला तर चिकटेल. आधी कोरड्या कुंचल्यानं, मग कोंबडीच्या पिसानं, मग मऊ कापडानं. चुना लिंबानं सुटतो म्हणून बायकांनी लिंबं आणली. मग गोडं पाणी हवं होतं. कोरड्या हंगामाचा शेवट, टाकीत हातभर पाणी उरलेलं. बायका आपापल्या घरातलं प्यायचं पाणी घेऊन आल्या, कुणी किटलीतून, कुणी बाटलीतून. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. मला सगळ्या आयुष्यात इतक्या माणसांनी एकदम हात लावला नव्हता.

त्या गर्दीतच नोएलिनची सासू काठी टेकत आली. लेकीनं चुना पाठवलाय असं तिच्या कानावर गेलं होतं.

"कुठाय माझा चुना?"

नोएलिननं न फुटलेली बरणी तिच्या हातात दिली. म्हातारीनं बोट बुडवून जिभेला लावलं आणि डोळे मिटले. मग सगळ्यांच्या पांढऱ्या हातांकडे बघून म्हणाली, "एवढा सांडलात? पोरीनं किती लांबून पाठवला असेल."

नोएलिन खाचेतून पीस फिरवत राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी चाचणी घेतली. कवचात कॅमेरा न ठेवता वर्तमानपत्राचा तुकडा ठेवला, रिंग बसवली, दगड बांधून दोरीनं खोल सोडलं आणि अर्धा तास तसंच ठेवलं. वर काढून उघडलं तेव्हा कागद कोरडा खडखडीत होता. मामानं तो कागद घडी करून खिशात घातला. गाव हसलं, बोललं, दुसऱ्या दिवशीच्या जेवणाच्या गोष्टी सुरू झाल्या. मीसुद्धा विश्वास ठेवला.

सकाळी आम्ही होडीनं खिंडीत गेलो. मी होडीच्या तळाशी, झाकण उघडं. नोएलिननं कॅमेरा बसवला, रिंग पाहिली, पुन्हा पाहिली, आरशानं ऊन पाडून तिसऱ्यांदा पाहिली. पण कवचाच्या बिजागरीमागे खाच वळते. तिथे पीस पोचतं, नजर पोचत नाही. लिंबू आणि पाणी लागून तिथला चुना भिंतीवरच्या चुन्यासारखा घट्ट बसला होता. चाचणीसाठी बंद करताना तो हलला नाही. या दुसऱ्या खेपेला बंद करताना त्याचा तांदळाच्या कणीएवढा पोपडा सुटला आणि रिंगेखाली गेला. तो पोपडा मी नंतर पाहिला, म्हणून सांगते. एवढासा होता.

ती उतरली. मामा काठावर हात ठेवून पाण्यात बघत होता. तिनं आम्हाला नंतर जे सांगितलं ते असं. पाच-सहा पुरुष खोल गेल्यावर कवचातला धोक्याचा लाल दिवा लागला. घुमटात आतून पाण्याची रेघ चढत होती. कॅमेरा एकदा खरखरला आणि विझला. तिथूनच वर यायला हवं होतं, पण ती खाली गेली. मासे होते. पांढऱ्या वाळूवर हेकरूच हेकरू, एकाला चिकटून एक, अंगाचे रंग बदलत, तिच्यासाठी बाजूला व्हायचीही तसदी न घेता. ती मेलेला कॅमेरा हातात घेऊन त्यांच्यात फिरली आणि मोजत राहिली. चारशेच्या पुढे तिचा आकडा चुकला.

वर आल्यावर तिनं कवच उघडलं आणि त्यातलं पाणी होडीत ओतलं. कॅमेऱ्याच्या पोटातूनही पाणी निघालं. मामानं विचारलं, "होते?" ती म्हणाली, "आहेत. खूप आहेत." आणि मग मी तिला पहिल्यांदाच रडताना पाहिलं. होडीत दुसरं काही कोरडं नव्हतं, म्हणून तिनं चेहरा माझ्या झाकणाच्या आतल्या स्पंजला पुसला.

दुसरा कॅमेरा कुठून आणणार? पुढचं विमान आठवड्यानं. अमावस्या झाली आणि मासे गेले. वर्षश्राद्धाचं जेवण मात्र झालं. पंगतीत सगळ्यांनी चुन्याची तारीफ केली.

महिनाअखेरीला अलोटाऊच्या कचेरीत सुनावणी झाली. मीही गेले, पुरावा म्हणून. नोएलिननं मला उघडून गंजलेला कॅमेरा टेबलावर ठेवला. साहेब वाईट माणूस नव्हता. त्यानं चहा विचारला.

"मी स्वतः मोजलेत," नोएलिन म्हणाली. "चारशेच्या वर होते."

"तुम्ही मोजले असतील हो. पण मी कागदाला काय टाचू?"

मग त्यानं विचारलं की एवढा अनुभव असताना कॅमेऱ्यात पाणी गेलं कसं? मामानं नोएलिनकडे बघितलं. मागच्या बाकावर वन्सं बसल्या होत्या. भावाच्या बायकोचं काम आहे म्हणून उत्तर किनाऱ्यावरून परत ट्रकनं आल्या होत्या, येताना सगळ्यांसाठी केळी भाजून आणली होती. त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. बेटावरही कुणी त्यांना कळवलं नव्हतं, कारण कोण कळवणार आणि कोणत्या तोंडानं?

"माझ्या हातून राहिलं," नोएलिन म्हणाली. "साफ करताना."

बाहेर आल्यावर वन्संनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. "असू दे गं. होतं माणसाच्या हातून. एवढं मनाला लावून घेऊ नकोस." नोएलिननं केळं घेतलं आणि सोलून खाल्लं.

कंपनीला खिंड मिळाली. त्यांच्या होड्या पुढच्या हंगामात आल्या, अमावस्येच्या आधी, बरोबर त्याच तीन दिवसांत. मासा जमत नाही असं लिहिणाऱ्यांना मासा कधी जमतो ते पक्कं माहीत होतं. दोन महिन्यांच्या दोन अमावस्यांत त्यांनी टाक्या भरभरून नेल्या. तिसऱ्या महिन्यात ते आलेच नाहीत. नेण्यासारखं उरलं नव्हतं. मामानं झाप बांधणं सोडलं. बेटावरची काही माणसं आता पुन्हा प्रवाळ तोडून चुना भाजतात आणि मामा त्यांना अडवत नाही.

कॅमेरा भंगारात गेला. दिवे कुणाला तरी दिले. मी मामाच्या होडीत आले. उन्हात पडले की माझं झाकण वाकतं, पण आता माझ्यात धुळीनं बिघडेल असं काही नसतं.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी काहीतरी शिकवायचं असतं, म्हणून सांगते. कुणाची पेटी नेमानं भरलेली दिसली आणि तिच्यात एखादा खण रिकामा दिसला, तर तो रिकामा आहे असं समजू नका. त्या जागेलाही काम असतं. तिथे आपली बरणी ठेवू नका, बरणी कितीही प्रेमाची असली तरी. आणि कुणी तुमच्या पेटीत ठेवायला आलं, तर नाही म्हणा. त्यांना वाईट वाटेल. वाटू द्या. हे मी सांगते खरं, पण नोएलिनच्या जागी तुम्ही असतात तर काय केलं असतं, हे मला माहीत आहे. मी सगळा प्रसंग डोळ्यांनी पाहिला आहे आणि मला तरी त्यात कुठे नाही म्हणायची जागा दिसली नाही.

गेल्या महिन्यात अमावस्येच्या दोन दिवस आधी नोएलिन मामाला म्हणाली, जरा बघून येते. आम्ही तिघं खिंडीत गेलो. तिच्या हातात काहीच नव्हतं. ती उतरली आणि बराच वेळ खाली राहिली. मामा माझ्यावर बसून सुपारी चघळत होता. ती वर आली, काठाला धरून श्वास घेत राहिली.

"किती?" मामानं विचारलं.

"एक."

मामानं वाकून पाण्यात बघितलं.

"मोठा आहे. वाळूवर एका जागी उभा आहे," ती म्हणाली. "रंग बदलतोय, सारखा इकडेतिकडे बघतोय."

मामानं तोंडातलं पाण्यात थुंकलं आणि वल्हं उचललं.

"त्याला कुणी सांगितलं नसेल," तो म्हणाला.